भिवईवरचा डाग

आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर तीन तसबिरी आहेत. मधोमध तथागत, एका बाजूला बाबासाहेब आणि दुसऱ्या बाजूला माता रमाई. त्यांच्या खाली, जरा बाजूला, एक खिळा आहे. माझ्या लहानपणापासून तो रिकामाच होता. घराला अनेकदा रंग दिला, एकदा मातीची भिंत पाडून विटांची बांधली. पण दरवेळी मायने तो खिळा त्याच जागी पुन्हा ठोकून घेतला. (आम्ही आईला मायच म्हणतो.) तो खिळा माझ्या वडिलांच्या फोटोसाठी होता. फोटो मात्र नव्हता.

वडील जिनिंग-प्रेसिंगमध्ये हमाल होते. रुईच्या गाठी वाहण्यात त्यांचा जन्म गेला. १९८९ साली ते वारले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. जिवंतपणी त्यांनी कधी स्टुडिओची पायरी चढली नाही. फोटो काढायचा म्हणजे नांदगाव पेठहून अमरावतीला जायचे, एक रोज बुडवायचा, वर फोटोवाल्याला पैसे मोजायचे. त्या पैशात घरात आठ दिवसांचे तेल येते, असा त्या वेळच्या आमच्या माणसांचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. पण त्या हिशेबापायी आमच्या बापाचा चेहरा आमच्याजवळ राहिला नाही.

अगदीच नाही असेही नाही. भीमजयंतीच्या मिरवणुकीचा एक पोस्टकार्डाएवढा फोटो मायच्या पेटीत आहे. त्यात वस्तीतली वीस-पंचवीस माणसे उभी आहेत. मागच्या रांगेत, डाव्या टोकाला, झेंड्याच्या आड अर्धे झाकलेले वडील आहेत. त्यांचा चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. बोट ठेवून दाखवले नाही तर कोणाला ओळखू येत नाही. मायला मात्र ते अंधारातही सापडतात.

गेल्या हिवाळ्यात धाकट्या भावाचा मुलगा अमरावतीहून कॉलेजातून आला आणि म्हणाला, "मोठे बाबा, आजोबांचा फोटो बनवला. एकदम विंटेज." त्याने त्या मिरवणुकीच्या फोटोचा मोबाइलवर फोटो घेतला होता आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका अॅपला दिला होता. अॅपने दोन मिनिटांत चित्र करून दिले. पोराने ते मोठे करून, फ्रेम करून आणले होते. तपकिरी रंगाचा फोटो, कोपऱ्यात मुद्दाम पाडलेल्या चिरा, पाण्याचे डाग. नक्षीच्या खुर्चीवर एक रुबाबदार गृहस्थ बसलेले. डोक्याला जरीकाठी फेटा, अंगात बंद गळ्याचा कोट, पिळदार मिशी. मागे कमानी आणि फुलांची कुंडी. घरातले सगळे बघतच राहिले. भाऊ म्हणाला, "काय रुबाब आहे बाबांचा!" खरे सांगतो, माझेही डोळे भरून आले.

मायने चष्मा लावला. फ्रेम खिडकीपाशी नेली. बराच वेळ पाहिले. मग शांतपणे म्हणाली, "हे ते नाई होय."

पोरगा म्हणाला, "आजी, तेच आहेत. त्याच फोटोतून काढले."

"त्याईच्या भिवईवर डाग होता ना रे. प्रेसातली गाठीची पट्टी सुटून लागली होती. सात टाके पडले होते. तो डाग कुठं गेला?"

कोणाजवळ उत्तर नव्हते. मायने ती फ्रेम पालथी करून कपाटावर ठेवली आणि ती भाकरी थापायला निघून गेली. खिळा रिकामाच राहिला.

त्या रात्री मला झोप आली नाही. पोराने प्रेमाने केले होते, त्याला काय बोलणार? पण मायचे म्हणणेही मनातून जाईना. मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. दिवसभर अर्जांवर लोकांचे फोटो चिकटवायचे आणि सह्या जुळवायच्या, हे माझे काम. फोटो दुसऱ्याचा आणि नाव दुसऱ्याचे असा अर्ज आला तर मी तो परत पाठवतो. मग माझ्याच घरात, माझ्याच बापाच्या नावाखाली मी कोणाचा फोटो टांगणार होतो?

नंतर मी या प्रकरणाची माहिती काढली. हरभऱ्याएवढ्या अस्पष्ट चेहऱ्यात जे मुळातच उतरलेले नाही, ते कोणतेही यंत्र शोधून काढू शकत नाही. यंत्राला शिकवण्यासाठी लाखो चित्रे दाखवलेली असतात. त्या ओळखीवरून ते रिकाम्या जागा भरते. म्हणजे नाक कोणाचे तरी, डोळे कोणाचे तरी. आणि 'जुना हिंदी माणूस' म्हटले की त्याला फेटा, कोट आणि नक्षीची खुर्चीच आठवते. का आठवणार नाही? जुन्या काळी पैसे देऊन स्टुडिओत बसणारे बहुतेक तसेच होते. गाठी उचलणारा हमाल त्या गर्दीत कुठून येणार?

पोरगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "मोठे बाबा, आजोबांचा खरा फोटो आता होणार नाही. पण आजीचा तर होऊ शकतो. जुन्या पद्धतीचा, पण खरा." ही गोष्ट मला पटली. माय आता ऐंशीच्या घरात आहे. तिचे फोटो मोबाइलमध्ये शेकड्याने आहेत. कोणात ती जेवताना, कोणात लग्नाच्या पंगतीत, डोळे मिटलेले, अर्धे तोंड कापलेले. पण माणूस फोटोसाठी म्हणून बसला आहे आणि फोटो काढणारा त्याच्यासाठी थांबला आहे, असा तिचा एकही फोटो नव्हता.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राकडून आम्ही रविवारपुरता डिजिटल कॅमेरा, पन्नास मिलिमीटरची लेन्स आणि तिपाई मागून आणली. पण जुनी पद्धत म्हणजे नेमकी काय? नुसता तपकिरी रंग आणि चिरा म्हणजे जुनेपण, अशीच आमची समजूत होती. जरा वाचल्यावर कळले की जुन्या फोटोत दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कारण होते.

पॅरिसमध्ये १८३९ साली फोटोची कला जगापुढे जाहीर झाली. पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. त्या काळच्या काचांना प्रकाश फार लागे. माणसाला कित्येक सेकंद न हलता बसावे लागे. म्हणून खुर्चीला हात असत, शेजारी टेबल असे, कोपर टेकायला खांब असे. डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी आकडीचा आधार देत. ज्याला आपण रुबाब म्हणतो, त्यातला अर्धा भाग न हलण्याची सोय होती! वीज नव्हती, म्हणून स्टुडिओ वरच्या मजल्यावर असत आणि शक्यतो उत्तरेकडच्या काचेतून येणारा उजेड वापरत. आपल्याकडे उत्तरेकडून थेट ऊन बहुतेक येत नाही, त्यामुळे उजेड मऊ राहतो आणि चेहऱ्याचे चढउतार स्पष्ट दिसतात. तपकिरी रंगही नुसत्या शोभेसाठी नव्हता. फोटोतल्या चांदीवर गंधकाची प्रक्रिया केली की ती तपकिरी होते आणि लवकर विटत नाही. म्हणजे तो रंग टिकण्यासाठी होता. आज संगणकावर बटण दाबून दिलेला तपकिरी रंग फोटो एक दिवसही जास्त टिकवत नाही.

मग आम्ही ठरवले. चिरा नकोत, डाग नकोत. जुन्या लोकांकडून घ्यायचे ते एवढेच : मऊ उजेड, स्थिर बैठक, भरपूर वेळ आणि टिकणारा कागद.

वस्तीतल्या विहाराच्या उत्तरेच्या दारापाशी आम्ही लाकडी खुर्ची ठेवली. मागे करड्या रंगाचे जुने ब्लँकेट ताणून बांधले. दाराच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा केला, म्हणजे सावलीची बाजू अगदी काळी पडत नाही. कॅमेरा तिपाईवर, मायच्या डोळ्यांच्या उंचीवर. वरून काढला तर माणूस लहान दिसतो, हे पोराने सांगितले. मी म्हटले, वरून पाहिले की माणूस लहान दिसतोच. त्याला कॅमेरा कशाला लागतो!

माय आंघोळ करून, पांढरे लुगडे नेसून आली. वंदनेला नेसते तेच, निळ्या किनारीचे. खुर्चीत बसली ती अंग चोरून, कडेला. जन्मभर दुसऱ्याच्या घरी खुर्चीवर कधी बसलीच नाही, तर पूर्ण खुर्ची आपली आहे हे अंगाला कसे कळावे? मी म्हटले, "माय, मागं टेकून बस." ती म्हणाली, "बसली ना बाप्पा." पण टेकली नाही. पोराने घाई केली नाही. कॅमेऱ्याला हातच लावला नाही. चहा आणला. जिनिंगच्या, गोदामाच्या गोष्टी निघाल्या. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आले की मायची पाठ खुर्चीला टेकली आहे आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आले आहेत. तेव्हा पोरगा हळूच म्हणाला, "आजी, आता श्वास सोड अन् माझ्याकडे पाहा." त्याने शटर पाव सेकंदावर ठेवले होते. मोबाइलच्या मानाने तो फार मोठा वेळ आहे. माणसाला त्यात खरोखरच स्थिर व्हावे लागते. माय हसली नाही, रागावलीही नाही. तिने पाहिले. बस्स.

फोटो उत्तम आला. पण खरी परीक्षा पुढे होती.

फोटो रंगीत निघतो; तो काळा-पांढरा नंतर संगणकावर करायचा. पोराने वाचले होते की सुरुवातीच्या काचांना फक्त निळा उजेड कळे. लाल आणि पिवळा जवळजवळ दिसत नसे. हुबेहूब जुना फोटो हवा असेल तर चित्रातला निळा भाग तेवढा ठेवायचा. त्याने तसे केले. क्षणात फोटो शंभर वर्षे मागे गेला. पण पाहतो तर काय! मायचा गहू रंगाचा चेहरा काळाकुट्ट झाला, सुरकुत्या खोल चरांसारख्या दिसू लागल्या, आणि लुगड्याची निळी किनार फिक्कट होऊन पांढऱ्यात विरून गेली. निळे त्या काचांना पांढऱ्यासारखेच दिसे. आपला निळा झेंडा त्या काळी कोणी धरला असता तरी तो पांढुरकाच उमटला असता.

मग त्याने उलट केले. लाल भाग वाढवला. आता चेहरा उजळ झाला, इतका की सुरकुत्या पुसल्या गेल्या आणि माय गोरीपान दिसू लागली. शेजारची एक बाई म्हणाली, "हाच ठेवा, हाच चांगला." मायला दाखवला. ती हसली. म्हणाली, "मले गोरी कायले केली? तुले दिसते तशी कर ना."

ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही. फोटोच्या यंत्राला कोणत्या कातडीचा रंग 'बरोबर' वाटावा, हे माणसेच ठरवत आली आहेत. अमेरिकेत कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुना फोटो पाठवत असे. शर्ली कार्ड म्हणत त्याला. त्यावर वर्षानुवर्षे गोरी बाईच होती. तिचा रंग जमला की फोटो जमला. काळ्या माणसांचे चेहरे नीट उमटत नाहीत, ही तक्रार असताना फिल्ममध्ये सुधारणा झाली, तीही लाकडी सामानाच्या आणि चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांनी आमच्या मालाच्या छटा नीट येत नाहीत म्हणून ओरड केल्यावर! आज मोबाइलमधला 'सौंदर्य' नावाचा पर्याय न विचारता आपल्या लेकीबाळींना गोरे करतो. ते त्याच जुन्या गोष्टीचे नवे रूप आहे.

आम्ही मधला मार्ग काढला. विहाराच्या दारात मायला उभे केले आणि पडद्यावरचा चेहरा तिच्या चेहऱ्याशी ताडून पाहत, लाल-हिरव्या-निळ्याचे प्रमाण थोडे थोडे बदलत गेलो. चेहरा तिचा दिसला, सुरकुत्या होत्या तेवढ्याच दिसल्या आणि किनार किनारीसारखी उमटली, तिथे थांबलो. तो फोटो हुबेहूब १८७० सालचा नव्हता. पण तो हुबेहूब माझ्या मायचा होता.

पोरगा मात्र वाद घालणारा आहे. तो म्हणाला, "मोठे बाबा, जुने फोटोवाले तरी कुठे खरे होते? निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या झाकायचे. गिऱ्हाइकाला कोट-टाय उसने द्यायचे. मग माझ्या अॅपनेच काय पाप केले?"

प्रश्न रास्त होता. मी त्यावर पुष्कळ विचार केला. वाचकहो, मला जे सुचले ते तुमच्यापुढे ठेवतो.

इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड छापले. चारशेहून अधिक छायाचित्रे. देशातल्या जाती-जमातींचे नमुने गोळा केले होते, जसे एखादा किडे गोळा करून टाचणीने टोचतो. त्यात बहुतेकांच्या फोटोखाली त्या माणसाचे नाव नाही. जात आहे आणि त्या जातीचा स्वभाव कसा, याचे शेरे आहेत. हे फोटो यंत्राने काढलेले, अस्सल, कोणीही न बदललेले. तरी ते खरे म्हणायचे का? बसणाऱ्याला कोणी विचारले नव्हते की तुला कसे दिसायचे आहे.

याच्या उलट उदाहरण घ्या. अमेरिकेत गुलामीत जन्मलेले फ्रेडरिक डग्लस यांनी आयुष्यात सुमारे १६० वेळा आपला फोटो काढून घेतला. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत इतके फोटो दुसऱ्या कोणाचे नाहीत, खुद्द लिंकनचेही नाहीत. कोट, टाय, रोखलेली नजर. हसणे जवळजवळ नाहीच. कारण गोऱ्यांच्या व्यंगचित्रांतला काळा माणूस दात काढून हसणारा, खुळा असे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डॉ. डुबॉइस यांनी काळ्या समाजातल्या स्त्री-पुरुषांचे ३६३ फोटो मांडले. बाबासाहेबांनी ज्यांच्याशी १९४६ साली पत्रव्यवहार केला, तेच हे डुबॉइस. त्या फोटोंतली माणसे उत्तम कपड्यांत, ताठ बसलेली आहेत. जगाने ज्यांना हीन ठरवले त्यांनी जगाकडे रोखून पाहिले आहे. आणि आपले बाबासाहेब? ज्या समाजाला नीटनेटके कपडे घालण्याचीही मनाई होती, त्या समाजाचा माणूस सुटाबुटात, खिशाला पेन लावून कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, तेव्हा तो फोटो हाच एक जाहीरनामा असतो.

म्हणून मी पोराला म्हटले, उसना कोट घालून बसलेला माणूस खोटा नाही. कोट उसना असेल, पण तो घालायचे त्याने ठरवले, खुर्चीत तो बसला, नजर त्याची आहे. तुझ्या आजोबांना फेटा घालताना त्यांना कोणी विचारले? त्यांचा डाग पुसताना कोणी विचारले? तो डाग म्हणजे त्यांची मजुरी होती. यंत्राने आजोबांना रुबाबदार केले खरे, पण त्यासाठी आधी त्यांना पुसून टाकले.

पोराने मान हलवली. मग त्यानेच एक गोष्ट शोधून काढली. फोटोच्या पहिल्या काळात परदेशात अशी रीत होती की घरातला माणूस वारला असेल तर त्याचा छोटा फोटो हातात घेऊन बाकीच्यांनी फोटोसाठी बसायचे. एका फोटोत दोघे. जोडाजोड नाही, बनवाबनवी नाही. हे ऐकून माय काही बोलली नाही. उठली आणि पेटीतून मिरवणुकीचा तो फोटो घेऊन आली.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा विहारात बसलो. तीच खुर्ची, तोच उजेड. मायने तो पोस्टकार्डाएवढा फोटो मांडीवर, दोन्ही हातांत उभा धरला, बाहेरच्या बाजूला तोंड करून. अंगठा डाव्या टोकाजवळ, जिथे वडील आहेत. तिचा उजवा हात आता जरा थरथरतो. पाव सेकंदात तो किंचित हलला आणि बोटे पुसट आली. पोरगा म्हणाला, पुन्हा काढू. मायने पाहिले आणि म्हणाली, "हात हालतेच ना आता. राहू दे."

मूळ मिरवणुकीचा फोटोही आम्ही जपून ठेवला. सपाट स्कॅनरवर बाराशेच्या प्रमाणात त्याची प्रत घेतली आणि ती तीन ठिकाणी साठवली. त्यात काही भरले नाही, काही पुसले नाही. वडिलांचा चेहरा मोठा करून पाहिला. नाक-डोळे धूसरच आहेत. पण झेंड्याच्या कडेला, भिवईच्या जागी, एक पांढरट रेघ आहे. तो डाग आहे की कागदावरचा ओरखडा, मी सांगू शकत नाही. मायला विचारले नाही.

मायच्या फोटोची प्रत आम्ही नागपुरात कापसाच्या कागदावर काढून घेतली. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पिवळा पडून तुटतो. निव्वळ कापसाचा, आम्ल नसलेला कागद आणि रंगद्रव्याची शाई असेल तर फोटो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. एका प्रतीला माझी दोन दिवसांची मजुरी गेली. वडिलांच्या वेळचा हिशेब मला आठवला. या वेळी मी तो उलटा मांडला. मायने कागदाच्या कडेवरून बोट फिरवले आणि विचारले, "रुई हाय का याच्यात?" मी हो म्हटले. ती बराच वेळ बोट फिरवत राहिली.

आता आमच्या वस्तीत महिन्यातून एका रविवारी, वंदना झाल्यावर, विहाराच्या दारापाशी खुर्ची मांडतो. आतापर्यंत एकोणीस वडीलधाऱ्यांचे फोटो झाले. एक आजोबा रेल्वेतला जुना बिल्ला लावून आले. एक मावशी, जन्मभर धुणीभांडी केलेली, नातीची इंग्रजीची जाड वही मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, वाचता येत नाही, पण घरात आली ना! एकाने शेजाऱ्याचा कोट मागून आणला. आम्ही तो झटकून दिला.

आपल्याला करायचे असेल तर फार काही लागत नाही. चांगला मोबाइलही चालतो. थेट ऊन न येणारे दार किंवा खिडकी पाहा. मोबाइल तोंडाजवळ नेऊ नका, नाक मोठे येते. चार-पाच हात दूर, कशावर तरी टेकवून ठेवा आणि दुपटीचे मोठेपण निवडा. फ्लॅश आणि सौंदर्याचा पर्याय बंद ठेवा. माणसाला स्वतःच्या आवडीचे कपडे घालू द्या. हाताला टेकायला जागा द्या. आणि घाई करू नका. पहिला अर्धा तास नुसत्या गप्पांचा. रंगीत मूळ फोटो तसाच जपा, काळा-पांढरा करायचा तो त्याच्या प्रतीवर. यंत्राकडून जुना फोटो सुधारून घेतलात तर मूळ फेकू नका, आणि सुधारलेल्यावर 'यंत्राने बनवलेला' असे स्पष्ट लिहा. आज मोबाइलवर हसणारे, हलणारे बाबासाहेब फिरतात. लहान मुलांना खरे कोणते आणि बनवलेले कोणते, हे आपणच सांगितले पाहिजे. १९३४ सालचा राजगृहावरचा बाबासाहेब, रमाई, यशवंतराव आणि घरच्या मंडळींचा एक फोटो आहे, खाली टॉबी कुत्राही आहे. पुढच्या वर्षी २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. तो फोटो जसा आहे तसाच आपल्याला हवा. त्यात कोणी काही भरू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे : फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव लिहा. डुबॉइस यांच्या संग्रहातल्या फोटोंवर नावे नव्हती. त्यांतली बहुतेक माणसे कोण होती हे आज सांगता येत नाही. पूर्ण नाव, गाव, तारीख, काम. आमच्या फोटोंच्या मागे जातीचा रकाना नाही. कामाचा आहे. वडिलांच्या स्कॅनच्या प्रतीमागे मी लिहिले आहे : हमाल, जिनिंग-प्रेसिंग. भिवईवर डाग, सात टाके.

मायचा फोटो तिनेच त्या खिळ्यावर टांगला. स्टुलावर चढू नको म्हटले तरी ऐकले नाही. धाकट्या सुनेने हौसेने वर झेंडूचा हार घातला, तशी माय ओरडली, "काढ तो हार! मी जित्ती आहो अजून." सगळे हसले. हार काढला.

खिळा आता रिकामा नाही. पाहुणे येतात, फोटो पाहतात आणि विचारतात, आजीच्या हातात काय आहे? मग माय उठते, फोटोजवळ जाते आणि डाव्या टोकावर बोट ठेवते.

जयभीम.